सतरा नंबरचा खांब

सिन्नर फाट्याला रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं सोडू?
म्हटलं, कुठंच नाही. इथून पायीच.
तो हसला. माझ्या नव्या पांढऱ्या बुटांना हसला असेल,
किंवा कौतिकअण्णांच्या माकडटोपीला.

रविवार, पावणेसात.
थंडी अशी की बोललं तरी वाफ, गप्प राहिलं तरी वाफ.
आम्ही निघालो एकलहऱ्याच्या अंगानं,
डोक्यावरून जाणाऱ्या आणि आता कुठंच न जाणाऱ्या
जुन्या कोळशाच्या लाइनखालून.

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे नंबर तपासले मी.
नंबर दिसला की बोट आपोआप हलतं.
खांबांवर पिवळ्या रंगात : एक. दोन.
तीनवर कुणाच्या तरी दशक्रियेचा फ्लेक्स, म्हणून अर्धाच तीन.
चार ते पाच वाळत घातलेल्या गोधड्या.
सातला पिंपळ.
खांबानं पिंपळ धरलाय की पिंपळानं खांब,
हे विचारायची वेळ गेली.

अण्णा या लाइनचे चावीवाले. बावीस वर्षं.
पहाटे खांद्यावर हातोडा घ्यायचा,
रूळ धरून ठेवणारी एकेक चावी ठोकत
त्या टोकाला जायचं, आणि परत.
"जाताना सगळं गाव डाव्या हाताला, लोखंडेबाई.
येताना उजव्या.
पायाखाली काय आहे ते कधी बघितलं नाही.
बघायचं नसतं. गरगरतं."
आज मान वर करून
आपल्याच चालण्याचं पोट बघत होते ते,
गंजलेलं, कबुतरांनी भरलेलं,
मधूनच आभाळाची एक फट.

वर गिट्टीत कुणी मेथी लावलीय.
नऊ नंबरवरून एक शेळी वाकून आमच्याकडे बघत होती,
तिकीट मागावं तशी.
अण्णांनी टोपी काढली.
नाल्यापाशी त्यांनी हात पुढं केला.
मी धरला नाही. मग धरला.

चौदा. पंधरा. सोळा. अठरा.
मी थांबले.
आमच्या हॉलमध्ये एक नंबर सुटला
तर कुणी घरी जायचं नाही.
"असेल कुठंतरी," अण्णा म्हणाले.
असेल कुठंतरी, हे वाक्य मला चालत नाही.

मागं आले. पत्र्याची खोली, निळं दार,
दारावर खडूनं : बोराडे पिठाची गिरणी, खांब नं. १७.
आत, ज्वारीच्या धुक्यात, तो उभा.
खोली त्याच्याभोवती बांधलेली.
अंगावर खिळे, खिळ्यांना लाइटबिलं,
कॅलेंडर, पोरीचं दप्तर.
"पोस्टमन याच पत्त्यावर येतो," हिराबाई म्हणाल्या.
"पोरीच्या आधारवरही हाच.
तुमचं दळण कुठंय?"

दळण नव्हतं. आम्ही नुसते चालत होतो,
हे सांगायला मला लाज वाटली.

अण्णांनी खांबावर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
हिराबाईंनी खटका ओढला.
पट्टा फिरला, पत्रा थरथरला,
खांबाच्या आत काहीतरी लांबून निघालं.
अण्णांचा चेहरा पालटला.
"बाजूला व्हा," ते ओरडले, "येतेय!"
आणि हात आडवा धरला माझ्यापुढं, पोरीपुढं,
पापण्यांवर पीठ साचलेल्या हिराबाईंपुढं.

कुणी हसलं नाही.
एकेक पाऊल मागं सरकलो तिघी,
उभ्या राहिलो,
ती सगळी जाईपर्यंत.

मग पीठ पडायला लागलं डब्यात, गरम.
अण्णांनी हात खाली घेतला.
"चहा ठेवू का?" हिराबाई म्हणाल्या.
"नको," अण्णा म्हणाले, "अजून दहा खांब आहेत,"
जणू कुणी त्यांची हजेरी घेणार होतं.

एकविसाव्यापाशी बुटाची नाडी बांधायला
त्यांनी टेकू घेतला.
खांबावर पिठाचा पंजा उमटला.
वीस. एकवीस. बावीस.
पंजाला मी नंबर दिला नाही.